खांबांआड दडलेलं मातीचं घर: लुइझियानातलं डेस्ट्रेहान

लुइझियानातल्या मळेवाल्यांची घरं म्हटली की पांढरे जाडजूड खांब आणि दोन्ही बाजूंनी ओकच्या झाडांची कमान हेच चित्र सगळीकडे दिसतं. हे चित्र मुख्यतः ओक अ‍ॅली या एका घराचं आहे. 1837 ते 1839 मध्ये बांधलेलं, भोवती 28 डोरिक (साध्या ग्रीक धाटणीचे) खांब आणि समोर 28 ओक. फोटोला उत्तम. पण ही घरं कशी बांधली, कुणी बांधली आणि मोडतात कुठून, हे समजून घ्यायचं असेल तर मी डेस्ट्रेहानला जायला सांगेन. तिथलेही खांब पांढरे आणि जाडच आहेत. पण ते घराला पन्नास वर्षांनी चढवलेले आहेत, आणि त्यांच्या आत एक अगदी वेगळं घर शिल्लक आहे.

न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाला, मिसिसिपीच्या पूर्व काठावर, सेंट चार्ल्स परगण्यात हे घर आहे. काम 1787 मध्ये सुरू झालं, 1790 मध्ये संपलं. त्या वेळी लुइझियानावर स्पेनचा अंमल होता, लोक फ्रेंच बोलत आणि मळ्यात नीळ पिकत असे. मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यात बांधकामाचा कागद हाती असलेलं हे सर्वांत जुनं मळ्यावरचं घर मानलं जातं. कागद असणं महत्त्वाचं, कारण नदीकाठच्या इतर घरांच्या पाट्यांवरची सालं पुष्कळदा घराण्याच्या आठवणींवरून आलेली असतात, आणि घराण्याच्या आठवणीत घर नेहमी आहे त्यापेक्षा म्हातारं असतं.

तो करार 3 जानेवारी 1787 चा. घर बांधून घेणारा रोबेर आंत्वान रोबँ द लोनी. बांधणारा शार्ल पाके, मिश्रवर्णीय आणि स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेला. सुतारकाम आणि गवंडीकाम दोन्ही जाणणारा. ठरलं ते असं: 60 फूट लांब आणि 35 फूट रुंद घर, विटांच्या खांबांवर 10 फूट उचललेलं, भोवताली 12 फुटी पडवी, वर-खाली फळ्या मारलेली, आणि पाच धुराडी. हाताखाली मालकाचे सहा गुलाम. मोबदला म्हणून नुकताच आफ्रिकेतून आणलेला एक गुलाम, एक गाय आणि तिचं वासरू, 100 बुशेल साळ, 100 बुशेल मका आणि काम पुरं झाल्यावर रोख 100 डॉलर. नदीकाठच्या सगळ्या घरांची किंमत शेवटी याच नाण्यात, म्हणजे गुलाम माणसांत, मोजली गेली. इथे ती कागदावर सरळ लिहिलेली आहे, एवढाच फरक. आणि ती घेणारा स्वतः वर्णाने मालकापेक्षा त्या गुलामाच्या जवळचा होता. त्या समाजातल्या पायऱ्या किती गुंतागुंतीच्या होत्या हे या एका ओळीतून कळतं.

आता करारातल्या मापांवर थोडं गणित करून बघा. आतल्या खोल्यांचं क्षेत्र 60 गुणिले 35, म्हणजे 2100 चौरस फूट. चारी बाजूंनी 12 फूट पडवी धरली की बाहेरचं माप 84 गुणिले 59, म्हणजे 4956. त्यातून खोल्या वजा केल्या की पडवी उरते 2856 चौरस फूट. पडवी घरापेक्षा मोठी! क्रिओल, म्हणजे लुइझियानात रुजलेल्या जुन्या वसाहती वळणाच्या, पद्धतीच्या घराचं सगळं मर्म या वजाबाकीत आहे. या घरांत आत बोळ नसतो, जिनाही नसतो. खोल्या एकमेकींना थेट लागून असतात, प्रत्येकीला पडवीत उघडणारी दुपाखी दारं असतात, आणि एका खोलीतून दूरच्या खोलीत जायचं तर माणूस पडवीतून जातो. वर चढायचा जिनाही पडवीतच. पडवी हाच रस्ता, हीच बसायची जागा, उन्हाळ्यात झोपायची जागाही हीच. शिवाय पावसाची झड आणि दुपारचं ऊन भिंतीपर्यंत पोचू न देणं हे तिचं मोठं काम. भिंत कशाची आहे ते कळलं की या कामाचं मोल ध्यानात येतं.

त्याआधी जमीन. मिसिसिपी दर पुरात काठावर गाळ टाकते. जड वाळू काठालगत बसते, बारीक चिकणमाती लांब वाहत जाते. त्यामुळे सगळ्यांत उंच जमीन नदीच्या कडेलाच असते आणि मागे ती हळूहळू उतरत दलदलीत जाते. आपल्याकडे नदीपासून जितकं लांब तितकं चढण, इथे नेमकं उलटं. म्हणून घर नदीकडे तोंड करून अगदी पुढे, त्यामागे स्वयंपाकघर, कोठारं, गुलामांच्या खोल्या, मग शेतं, आणि शेवटी सायप्रसची दलदल. जमिनी नदीला काटकोनात लांबच लांब पट्ट्यांत कापलेल्या, म्हणजे प्रत्येकाला थोडा काठ, थोडं शेत आणि थोडं जंगल मिळे. माप आर्पाँ; एक आर्पाँ म्हणजे 180 फ्रेंच फूट, सुमारे 58.5 मीटर. पट्टा साधारण 40 आर्पाँ खोल, म्हणजे सव्वादोन किलोमीटरच्या वर. फ्रेंच फूट इंग्रजी फुटापेक्षा सुमारे साडेसहा टक्क्यांनी मोठा असतो. तेव्हा या भागातलं जुनं घर मोजताना 32 फूट, 21 फूट 4 इंच असले आकडे यायला लागले, तर 1.066 ने भागून बघा. 30 आणि 20 असे सरळ आकडे निघाले तर मूळ आखणी कुणाच्या फूटपट्टीने झाली ते समजतं.

या गाळात दगड औषधालाही नाही. म्हणून वीट. तीही नदीच्या मातीची, जागेवर पाडून जागेवरच भाजलेली. लाकडाच्या आवीत आच सगळीकडे सारखी लागत नाही, त्यामुळे मधल्या विटा पक्क्या आणि कडेच्या फिकट, मऊ. चांगला गवंडी पक्क्या विटा बाहेर आणि जमिनीलगत लावी, मऊ विटा आत घाली. चुना शिंपल्यांचा: पाँचार्ट्रेन सरोवराकाठी शिंपल्यांचे डोंगर होते, ते भाजून कळीचा चुना काढत. कोकणात समुद्राकाठी असाच शिंपल्यांचा चुना निघे, त्यामुळे यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. खालचा मजला या विटांचा. तो राहण्यासाठी नव्हेच. कोठार, पिंपं, मद्य, फार तर उन्हाळ्यातलं जेवण. पूर आला तर पाणी खालून निघून जावं, माणसं वर कोरडी राहावीत, आणि वरच्या मजल्याला वारा लागावा, हा हिशेब.

भिंत

वरच्या मजल्याच्या भिंती सायप्रसच्या चौकटीत मातीने भरलेल्या आहेत. फ्रेंचमध्ये या भरावाला बूसियाज म्हणतात. कुडाची भिंत पाहिलेल्या माणसाला तत्त्व लगेच कळेल, पण तपशील वेगळे आहेत.

आधी लाकूड. दलदलीतला ओला सायप्रस इतका जड असतो की पाण्यात बुडतो. म्हणून पानझडीच्या सुमारास झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं लाकूड कापून कडं काढत आणि झाड उभंच वाळू देत. वाळलं की तोडायचं, आणि वसंतातल्या पुराच्या पाण्यावर तरंगत बाहेर काढायचं. काही ओंडके तरीही बुडालेच. ते आजही नदीनाल्यांच्या तळातून काढतात आणि दुरुस्तीसाठी चढ्या भावाने विकतात. जुन्या सायप्रसच्या गाभ्याला वाळवी सहजी लागत नाही. पण ही गोष्ट शेकडो वर्षं वाढलेल्या झाडाच्या गाभ्याची. आज लागवडीतून मिळणाऱ्या कोवळ्या सायप्रसला तेच नाव असलं तरी तो गुण नसतो, आणि अनेकांची दुरुस्ती इथेच फसते.

ओंडके कुऱ्हाडीने आणि तासणीने चौरस करत, फळ्या दोघांनी ओढायच्या उभ्या करवतीने कापत. विटांच्या खांबांवर आधी आडवं जाड तळलाकूड, त्यावर उभे खांब, वर पुन्हा आडवी तुळई. कोपऱ्यांत तिरपे आधार, म्हणजे वादळात चौकट कलत नाही. जोड खाच आणि जिभेचे, त्यातून लाकडी खुंटी ठोकलेली. चौकट आधी जमिनीवर आडवी जुळवून बघत आणि प्रत्येक जोडावर छिन्नीने रोमन आकडे कोरत: तिसऱ्या खाचेत तिसरीच जीभ. मग सुटी करून उभी करत. जिथे गिलावा काढलेला असतो तिथे हे आकडे अजून दिसतात.

आता भराव. दोन खांबांच्या समोरासमोरच्या बाजूंना उभी खोबण असते. त्यात काही इंचांच्या अंतराने आडव्या काठ्या घट्ट बसवतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. भराव म्हणजे चिकणमाती आणि स्पॅनिश मॉस. हे नावाने शेवाळ असलं तरी शेवाळ नव्हे. अननसाच्या कुळातली ही वनस्पती ओकच्या फांद्यांवरून करड्या दाढीसारखी लोंबते. झाडावरून काढून ती तशीच मातीत घालून चालत नाही. ढीग रचून, पाणी मारून कित्येक आठवडे कुजवायची. वरची करडी साल सडून जाते आणि आतला काळा, चिवट, घोड्याच्या केसासारखा धागा उरतो. हाच धागा गाद्यांतही भरत. न कुजवलेलं मॉस घातलं तर ते भिंतीच्या आत कुजतं आणि माती पोकळ पडते.

खड्ड्यात माती रात्रभर भिजवायची, पायांनी तुडवायची, तुडवतानाच मॉस सोडत जायचं. माती फार चिकट असली तर वाळताना मोठ्या भेगा पडतात, मग वाळू मिसळावी लागते. वाळू जास्त झाली तर भराव बोटाने खरवडला तरी गळतो. पक्का आकडा नाही, कारण प्रत्येक खड्ड्याची माती वेगळी. मुठीत वळून खांद्याच्या उंचीवरून टाकलेला गोळा चपटा व्हावा पण फुटू नये, ही जुनी कसोटी आजही पुरते. तयार मिश्रणाच्या हातभर लांब वळ्या करायच्या आणि खालच्या काठीपासून सुरुवात करून प्रत्येक काठीवर धोतर वाळत घातल्यासारख्या टाकायच्या. दोन्ही टोकं खाली लोंबतात, ती आधीच्या वळीत दाबून एकजीव करायची. मॉसचे धागे अशा रीतीने एका काठीवरून दुसरीपर्यंत गुंततात आणि ओली भिंत स्वतःच्या वजनाने घसरत नाही. खांबांच्या जाडीइतका भराव झाला की पृष्ठभाग खरबरीत ठेवून आठवडेच्या आठवडे वाळू द्यायचा. वाळताना तो आक्रसतो, खांबाच्या कडेने फट पडते. त्या फटी दुसऱ्यांदा भरल्याशिवाय गिलावा करायचा नाही. घाई केली तर खांबाच्या रेषेवर गिलाव्याला उभी चीर पडणार, हे ठरलेलं. मग चुन्याचा गिलावा, वर चुन्याचे पातळ हात.

अशी भिंत तापते सावकाश आणि निवते सावकाश, हवेतला दमटपणा शोषते आणि परत सोडते. तिची एकच अट आहे, वाहतं पाणी लागू द्यायचं नाही. म्हणून 12 फुटी पडवी, आणि म्हणूनच ते छप्पर: मध्ये चढ्या उताराचं, पडवीवर आलं की सौम्य उताराचं, पागोळ्या भिंतीपासून लांब टाकणारं. मूळ आच्छादन सायप्रसच्या चिरफळ्यांचं असे. डेस्ट्रेहानमध्ये भिंतीचा थोडा भाग मुद्दाम उघडा ठेवला आहे. गिलाव्याखाली माती, मॉस आणि काठ्या तिथे समोर दिसतात. घरातल्या महागड्या फर्निचरपेक्षा मी त्या भागासमोर जास्त वेळ घालवायला सांगेन. त्या मातीत ज्यांचे हात आणि पाय गेले, त्यांची नावं करारात नाहीत.

साखर आली, घर वाढलं

लोनी 1792 मध्ये वारला आणि घर त्याचा जावई जाँ नोएल डेस्ट्रेहान याच्याकडे गेलं. नीळ तोपर्यंत कीड आणि खराब हवामानाने बुडत होती. 1795 मध्ये त्याच्या बहिणीचा नवरा एत्येन द बोरे याने लुइझियानात उसाच्या रसाची दाणेदार साखर पाडून व्यापारी नफा मिळवून दाखवला, आणि काही वर्षांत नदीकाठ निळीवरून उसावर गेला. तिकडे हैतीत 1791 पासून गुलामांचा उठाव चालू होता, तिथली साखर बाजारातून गेली होती, भाव चढे होते. गुऱ्हाळ पाहिलेल्यांना कृती समजावून सांगायला नको. फरक एवढाच की एका काहिलीऐवजी मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने काहिली मांडलेल्या असत. रस आटत आटत एकीतून दुसरीत ओतत न्यायचा आणि शेवटच्या, सगळ्यांत लहान काहिलीत दाणा धरायचा क्षण ओळखायचा. ऊस हिम पडायच्या आत तोडून गाळायचा, म्हणून हंगामात चरक आणि भट्ट्या रात्रंदिवस चालत. उकळता रस हाताने ओतायचा, तोही झोपमोड झालेल्या माणसांनी. भाजणं आणि हात चरकात जाणं नेहमीचं. त्या लोखंडी काहिली आज नदीकाठच्या बऱ्याच घरांसमोर फुलझाडांच्या कुंड्या म्हणून ठेवलेल्या दिसतात. मला ते कधीच आवडलेलं नाही.

जाँ नोएलला 14 मुलं. जागा पुरेना, म्हणून 1810 मध्ये घराच्या दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र कक्ष जोडले. घर समोरून बघताना मधला भाग आणि हे दोन पंख यांच्यामधली फट शोधा, मूळ घर किती होतं ते लगेच कळतं. हाच माणूस राजकारणातही वर गेला. 1804 मध्ये त्याला प्रादेशिक विधिमंडळावर नेमणारा, अमेरिकेचे अध्यक्ष जेफर्सन आणि त्यांचे मंत्री मॅडिसन यांच्या सह्यांचा कागद घरात मांडलेला आहे.

पण या घरात घडलेली सर्वांत मोठी गोष्ट 1811 ची. 8 जानेवारीला नदीच्या वरच्या अंगाला आंद्रीच्या मळ्यावर शार्ल देलोंद याच्या पुढारीपणाखाली गुलामांनी उठाव केला. ऊसतोडीचे कोयते, कुऱ्हाडी, थोड्या बंदुका घेऊन ते न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने निघाले. वाटेत माणसं मिळत गेली. आकडा 200 ते 500 असा सांगतात. अमेरिकेच्या इतिहासातला गुलामांचा हा सर्वांत मोठा उठाव मानला जातो. दोन दिवसांत तो मोडला. 13 ते 15 जानेवारीला डेस्ट्रेहानच्या मळ्यावर मळेवाल्यांचं न्यायमंडळ बसलं, जाँ नोएल स्वतः त्यात होता. ज्यांची मालमत्ता म्हणून आरोपी नोंदलेले होते तेच न्यायाधीश. मृत्युदंड झालेल्यांची मुंडकी नदीच्या बंधाऱ्यावर खांबांना लावली गेली. कित्येक दशकं या घराच्या सहलींत हा भाग जवळजवळ गाळलेला असे. आता त्यावर स्वतंत्र मांडणी आहे.

जाँ नोएलनंतर मळा एका जावयाकडे, स्टीफन हेंडरसनकडे गेला. त्याने मृत्युपत्रात गुलामांच्या मुक्तीची तरतूद केली होती. 1838 मध्ये तो वारल्यावर वारसांनी कोर्टात धाव घेतली आणि ती तरतूद अमलात आली नाही. मग दुसरा जावई प्येर रोस्त आला आणि आज दिसणारा चेहरा त्याने 1839-40 च्या सुमारास घराला दिला.

तेव्हा ग्रीक देवळांची हौस अमेरिकाभर होती. सडपातळ लाकडी खांबांच्या जागी जमिनीपासून छपरापर्यंत विटांचे जाड डोरिक खांब आले, वर गुळगुळीत गिलावा. मागच्या पडवीचा मधला भाग बंद करून आत दालन आणि गोलाकार वळणारे जिने केले. वास्तुरचनेच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे: ज्या घरात पडवीतून फिरत, त्या घरात आता अमेरिकन पद्धतीने पुढचा दरवाजा, दालन, जिना असा क्रम आला. हौसेचा परिणामही झाला. मागची पडवी बंद झाली की खोल्यांतून आरपार जाणारा वारा अडतो. शिवाय गाळाच्या जमिनीवर विटांच्या जड खांबांचं वजन पडलं की ते हलक्या लाकडी घरापेक्षा वेगळ्या गतीने खचतात, आणि पडवीची तुळई जिथे घराला मिळते तिथे चिरा पडतात. या प्रकारच्या कुठल्याही घरात चीर शोधायची तर आधी तिथेच बघावं.

पुढचं थोडक्यात. यादवी युद्धात रोस्त दक्षिणेचा दूत म्हणून युरोपात होता, म्हणून उत्तरेच्या सरकारने मळा ताब्यात घेतला. 1865-66 मध्ये तिथे मुक्त झालेल्या लोकांची वसाहत चालली, रोस्त होम कॉलनी. मग रोस्तला माफी मिळाली, मळा परत मिळाला. 1914 मध्ये एका तेल कंपनीने जागा घेऊन तेलशुद्धीकरणाचा कारखाना उभारला; मागच्या बहुतेक इमारती गेल्या, मुख्य घर कार्यालय आणि क्लब म्हणून टिकलं. 1950 च्या दशकाअखेर कारखाना बंद पडला आणि घर दहा-बारा वर्षं वाऱ्यावर राहिलं. लाफीत नावाच्या समुद्री चाच्याने इथल्या भिंतींत सोनं लपवल्याची दंतकथा होती. त्या नादात लोकांनी भिंती खणून भोकं पाडली. सोनं नव्हतंच, माती आणि मॉस निघालं. 1971 मध्ये घर आणि भोवतीची चार एकर जागा स्थानिक इतिहास संस्थेला मिळाली आणि दुरुस्ती सुरू झाली.

दुरुस्तीत काय बिघडतं

अशा घरांना वादळापेक्षा सिमेंटने जास्त मारलं आहे. मऊ वीट आणि चुना यांच्या भिंतीत जमिनीतली ओल वर चढते आणि चुन्याच्या दरजांतून बाहेर पडते. दरजा सिमेंटने भरल्या की तो मार्ग बंद होतो. मग ओल विटेतून बाहेर पडते, क्षार विटेच्या पृष्ठभागामागे साचतात, लोणा धरतो आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. सिमेंटची जाळी उभी आणि आतली वीट खोल गेलेली, असं दिसलं तर रोगनिदान झालं समजा.

योग्य पद्धत अशी: दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोलीपर्यंत जुना माल छिन्नीने काढायचा. विजेच्या चकतीने नको, ती विटेच्या कडा खाते. आत फुंकून, पाणी मारून ओली ठेवायची, पण पाणी साचलेलं नको. एक भाग विरवलेला चुना आणि अडीच ते तीन भाग चाळलेली टोकदार वाळू. एका वेळी पाव इंचाचा थर, तो अंगठ्याने दाबला तर ठसा उमटेल इतपत घट्ट झाला की पुढचा. नंतर निदान आठवडाभर ओलं गोणपाट. चुना हवेतला कर्बवायू घेत हळूहळू दगड होतो. तो उन्हात पटकन वाळला तर दगड न होता नुसती भुकटी राहते.

बूसियाजच्या दुरुस्तीत सैल भाग काढून कडा भिजवायच्या आणि निघालेलीच माती पुन्हा भिजवून वापरायची. तीच उत्तम, कारण तिचा आक्रस जुन्या भिंतीशी जुळतो. मॉस मिळत नसेल तर कापलेला पेंढा चालतो. वरून सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकचा रंग दिला तर काही वर्षांत भिंत बाहेरून निर्मळ आणि आतून चिखल होते, आणि चिखलाला टेकलेलं तळलाकूड कुजतं. तळलाकूड दर वर्षी टोच्याने टोचून बघायचं, विशेषतः कोपऱ्यांत आणि जिन्यामागे. टोच्या पाव इंचाच्या पुढे सहज गेला तर तो तुकडा कापून, तिरका जोड देऊन जुन्याच लाकडाचा भरायचा. त्यासाठी घर जॅकवर उचलताना घाई चालत नाही. दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर, नाहीतर वरचा गिलावा तडकतो. नवीन पाइन घातलं तर फॉर्मोसन वाळवी आहेच. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतून आलेल्या लाकडाबरोबर ती इथे पोचली, आणि जुन्या सायप्रसला वगळून शेजारचं नवं पाइन ती हुडकून काढते.

सगळ्यांत फसवी अडचण म्हणजे वातानुकूलन. पाहुण्यांसाठी खोली 20 अंशांवर नेली की बाहेरची दमट हवा भिंतीतून आत येताना थंड गिलाव्याच्या मागे पाणी होऊन बसते. आतून प्लास्टिकचा भिंतकागद असेल तर ते पाणी जायला जागाच नाही. तापमान 25-26 वर ठेवणं आणि भिंतीला आतून फक्त चुना देणं, हा कंटाळवाणा उपाय कामाचा आहे.

घर बघायला गेलात तर वय ओळखायचं एक साधन सोबत ठेवा: खिळे आणि करवतीच्या खुणा. लोहाराने ठोकलेल्या खिळ्याच्या चारही बाजू निमुळत्या होतात आणि डोकं ओबडधोबड असतं. यंत्राने कापलेल्या खिळ्याच्या फक्त दोन बाजू निमुळत्या. तो 1790 नंतर येऊ लागला. गोल तारेचा खिळा 1880-90 च्या पुढचा. फळीवर सरळ, थोड्या कमी-जास्त अंतराच्या रेघा असतील तर हातकरवत, कमानीसारख्या वळणदार रेघा असतील तर गोल करवतीची गिरणी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली दुरुस्ती. पडवीच्या फळ्यांच्या खालच्या बाजूला आणि माळ्यावर या खुणा शाबूत राहतात. वरच्या बाजूला पायांनी आणि रंगाने पुसल्या जातात. लहान विजेरी भिंतीला समांतर धरली की उठून दिसतात.

ह्यूस्टनकडून येणारे मराठी लोक आय-10 महामार्गाने न्यू ऑर्लिन्सला जाताना ओक अ‍ॅलीला थांबतात. थांबा, पण वाट वाकडी करून पश्चिम काठावरचं व्हिटनीही बघा. 2014 मध्ये उघडलेलं ते संग्रहालय मालकांच्या घरापासून नव्हे, गुलामांच्या बाजूने सुरुवात करतं. 1811 च्या उठावात शिरच्छेद झालेल्यांचं स्मारकही तिथे आहे. डेस्ट्रेहान आणि व्हिटनी एका दिवसात होतात. खटल्याची जागा आधी बघायची तर डेस्ट्रेहान सकाळी करा आणि दुपारी नदी ओलांडा.